विचारून घेतलेलं वाक्य

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफी असावी. त्याहून मोठी चूक म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्यांना विचारलेलं नाही. माझे दीर गुलाबभाऊ तर न विचारता कोणाचं 'हाव', म्हणजे साधं 'हो'सुद्धा उचलत नाहीत.

ते वडशाला कॉलेजात शिकवतात. पीएचडी करतात झाडीपट्टीच्या नाटकांवर. म्हणजे नाटकांवर नाही, नाटक पाहून आल्यावर लोक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे भांडतात त्यावर. ज्याचं वाक्य प्रबंधात घ्यायचं, त्याच्या दारात गुलाबभाऊंची स्कूटर उभी. "ग्रुपवर लिहलं म्हणजे फुकटचं झालं काय? ज्याचं त्याले विचारा लागते," हे त्यांचं पालुपद.

एका चहावाल्यानं लिहिलं होतं, 'हिरोईनपेक्षा जनरेटरचा आवाज गोड.' गुलाबभाऊ विचारायला गेले तर तो हात जोडून म्हणाला, "घ्या सर, पण नाव नोका टाकू. ते हिरोईन माह्या बायकोची बहीण हाय."

गाईड म्हणाले, सगळीच नावं गाळा, विचारत काय फिरता? गुलाबभाऊंना ते पटलं नाही. "नाव खोडलं तरी वाक्य त्याचंच रायते ना!"

शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून माझ्या नवऱ्याशी, त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाशी, त्यांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं. या हिवाळ्यात एका दुपारी स्कूटर आमच्याच अंगणात आली.

"दादा, तुह्या नंबरावरून ग्रुपवर एक वाक्य आलं. घेऊ काय?"

"कोणतं?"

गुलाबभाऊंनी कागदावरून वाचलं, 'नाटक चांगलं होतं. बाजूला सतरंजीवर जागा धरून ठेवली होती, कोणी आलं नाई.'

"मी नाई लिहलं," हे म्हणाले. "तुही वहिनी बोलते न् फोन लिहते."

मी दाराआड झाले. गुलाबभाऊंनी कागदावर यांचं नाव खोडून माझं लिहिलं.

"वहिनी, घेऊ काय?"

मी मान हलवली.

"असं नाई, तोंडानं सांगा."

"घ्या," मी म्हणाले. माझ्या बोलण्याबद्दल मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं.

त्यांनी कागद खिशात घातला. तरी जाईनात.

"ते जागा कोणासाठी धरली होती?"

"हेही टाकतं काय पुस्तकात?" यांनी विचारलं.

"नाई दादा. हे पुस्तकासाठी नाई."

हे आत जाऊन दोन्ही सतरंज्या घेऊन आले. मग म्हणाले, "आज बाजूच्या गावात नाटक हाय. सतरंजी मोठी घेऊ का लहान, तेवढं सांग."

गुलाबभाऊ ओट्यावर बसले. "मोठी घे, दादा," ते म्हणाले.