लुगडें धुतल्यानें वाघोलीवर गुदरलेल्या प्रसंगाची हकीकत

पुणें शहरीं लढाया बहुत जाहल्या आणि त्या लिहून ठेवणारेही बहुत जाहले. परंतु शके एकोणीसशें शेहेचाळीस, माघमासीं, शनिवारीं, बिबवेवाडीच्या नसीमबानूंनी लेक कडेवर घेऊन वाघोली सर केली, हें कोणी लिहिलें नाहीं. सबब आम्हीं लिहितों. जें घडलें तेंच लिहिलें आहे. कोठें चार अक्षरें वाढलीं असतील, तर तीं प्रसंगाच्या मानानें कमीच.

मोहिमेचें कारण ऐसें जे, वाघोलीस एका महाविद्यालयांत विद्वानांचा दरबार भरणार होता. विषय मुक्रर जाहला होता: परदेशीं गेलेल्या स्त्रियांच्या कथांतून बाईची ओळख. नसीमबानू इंग्रजी साहित्यांत एम. ए. जाहलेल्या, त्यांस निबंध वाचावयाचें आमंत्रण आलें. मागें दिवाळीपूर्वी ऐशाच एका दरबारीं त्या गेल्या असतां लेकीनें दारांतच ऐसा आकांत मांडिला कीं निबंध पिशवींतून न काढतां माघारी यावें लागलें. तो सल मनांत होता. या खेपेसही माघार जाहली तर पुस्तकें बांधून माळ्यावर टाकावीं आणि पुन्हां उतरवूं नयेत, ऐसा निश्चय त्यांनीं मनाशींच केला. कोणास बोलल्या नाहींत. रियाजमियां यजमान, त्यांसही नाहीं.

आतां गनिमाचें वर्णन. साहेबजादी कमरजहां, उमर सात महिने, दांत दोन, आवाज दांडगा. हिचा रिवाज ऐसा कीं झोळीवांचून निजणें नाहीं, आणि झोळीही सोजरबाईंच्या जुन्या लुगड्याचीच पाहिजे. सोजरबाई शेजारच्या, बिबवेवाडी गांव होतें तेव्हांपासूनच्या शेतकरी घराण्यांतल्या, आतां तीन दुकानांच्या मालकीण, परंतु नेसणें अद्याप नऊवारी. जिचीं लेकरें धडधाकट वाढलीं, तिच्या अंगावरचें विरलेलें लुगडें बाळास द्यावें, हा तिकडचा परिपाठ. त्याप्रमाणें बारशाच्या आधींच त्यांनीं एक लुगडें नसीमबानूंच्या सासूबाई हुस्नबानू यांच्या हातीं दिलें. त्यास चुलीचा धूर आणि मिश्री यांचा वास कायमचा मुरलेला. साहेबजादीस तोच अत्तरासमान.

मग शनिवारीं प्रातःकाळीं कूच जाहलें. रिक्षांत नसीमबानू, हुस्नबानू, सोजरबाई, साहेबजादी, दुधाची बाटली, फाजील बाटली, फाजीलची फाजील, आणि झोळीचा लोखंडी स्टँड. तो घडी घालूनही दोन्ही बाजूंस तोफांसारखा बाहेर आलेला. खराडीपाशीं संगणकवाल्यांच्या मोटारींनीं रस्ता अडविला होता, तेथें लष्कर बराच वेळ खोळंबलें. नसीमबानूंनीं तेवढ्यांत साहेबजादीचें कपाळ कितीदां चाचपिलें त्याची मोजदाद नाहीं. ताप नव्हता, परंतु येऊं शकतो, ऐसें त्यांचें मत.

वाघोलीस दाखल होतांच चहाचे वेळीं अध्यक्षा डॉक्टर आनंदीबाई यांची गांठ पडली. त्या विलायतेंत लेस्टर येथें जन्मलेल्या, तेथेंच प्राध्यापक, दरबारासाठीं खास आलेल्या. त्यांनीं प्रेमानें विचारिलें,

“तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“बिबवेवाडीची.”

“नाही, पण मूळच्या?”

“मूळची कसबा पेठेतली. बिबवेवाडीत लग्न करून आले.”

“किती छान मराठी बोलता हो तुम्ही!”

त्यावर हुस्नबानू बिस्कीट बुडवीत म्हणाल्या, “तुमचंही बरं आहे की. चार दिवस राहा, सुधारेल.”

नसीमबानूंस हंसूं आलें आणि लागलीच घामही फुटला. कारण ऐसें कीं निबंधांत नेमका हाच सवाल धरिला होता. तें कलम वाचावें कीं गाळावें, ही नवी चिंता जुन्या चिंतांमध्यें सामील जाहली.

मग नांवाचा पुकारा जाहला. दालनाच्या पुढल्या कोपऱ्यांत स्टँड उभा केला, लुगड्याची झोळी बांधिली, तींत साहेबजादीस ठेविलें आणि नसीमबानू मंचावर चढल्या. पहिलें वाक्य उच्चारतात तोंच झोळींतून किंकाळी उठली, ती ऐसी कीं शेवटल्या रांगेंतील डुलक्या घेणारे प्राध्यापक उभे राहिले. दुसरें वाक्य. दुसरी किंकाळी. नसीमबानूंचें एक पाऊल मंचाखालीं आलें, हातांतले कागद पिशवीकडे वळले. दिवाळीपूर्वीची माघार पुन्हां होते कीं काय, ऐसा समय प्राप्त जाहला.

इतक्यांत सोजरबाईंनीं झोळीस नाक लाविलें.

“आगं बया! भाभी, लुगडं धुतलंस व्हय?”

“धुतलं की! सुगंधी पाण्यातून काढलं, इस्त्रीही केली. एवढी शिकलेली माणसं बघणार, माझ्या नातीची झोळी मळकी दिसली असती तर?”

“आता त्या शिकलेल्यांनाच घाल झोळीत. वासच न्हाई ऱ्हायला, पोरगी झोपंल कशी?”

ऐसा सर्व घोटाळा उघडकीस आला. हुस्नबानूंचा चेहरा उतरला. परंतु सोजरबाई प्रसंगीं डगमगणाऱ्या नव्हत्या. त्यांनीं मंचाकडे हात करून हुकूम सोडिला कीं, पोरी, तूं वाच, खालीं उतरायचें काम न्हाई. आणि झोळीपाशीं फतकल घालून, खांद्यावरचा नेसता पदर आंत सारिला. तोच धूर, तीच मिश्री. साहेबजादीनें पदर मुठींत धरिला, नाकाशीं नेला, दोन हुंदके दिले आणि तोफा बंद जाहल्या.

तरी झोका पाहिजेच. पदर अडकल्यामुळें सोजरबाईंस हलतां येईना, आणि हुस्नबानू शरमून दूध कोमट करावयास बाहेर निघून गेलेल्या. जवळ खुर्ची एकच, ती अध्यक्षांची. सोजरबाईंनीं दोरी त्यांचेपुढें केली.

“ओ बाई, मोकळ्याच बसलाय न्हवं? धरा. हळू, माझा पदर वडला जाईल.”

आनंदीबाईंनीं दोरी धरिली. मग नसीमबानू वाचूं लागल्या. वाचतां वाचतां तें कलम आलें. एक नजर झोळीवर, एक अध्यक्षांवर टाकिली, पदराखालचें लेकीचें पोट वरखालीं होतें याची खात्री केली, आणि गाळिलें नाहीं. म्हणाल्या कीं, या कथांतील बायांना ‘मूळच्या कुठल्या’ हें विचारलें जाण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागतो. मला तें माझ्याच गल्लींत कोथिंबीर निवडून घेतांना विचारतात. आणि सून म्हणून उंबरा ओलांडला तेव्हां आडनांव, हांक, चहांतली साखर, सगळेंच बदललें, त्या स्थलांतराची नोंद कोणत्या पुस्तकांत शोधूं?

दोरी थांबली. झोळींतून बारीक कुरकुर आली. सोजरबाई खाकरल्या. दोरी पुन्हां चालूं लागली.

आतां त्या दरबाराचा कायदा ऐसा कीं वेळ भरतांच अध्यक्षांनीं घंटी वाजवून वक्त्यास बसवावें. त्या दिवशीं सहा विद्वान घंटीनें अर्ध्यांतच गारद जाहले होते. नसीमबानूंचीही वेळ भरली. आनंदीबाईंचा मोकळा हात घंटीकडे गेला. सोजरबाईंनीं नुसतें पाहिलें. हात परत आला. निबंध शेवटल्या ओळीपर्यंत वाचला गेला. साहेबजादी जागी होईल म्हणून टाळ्यांस मनाई असल्यामुळें सारा दरबार हात हलवून शाबासकी देता जाहला.

हुस्नबानू दूध घेऊन आल्या त्या थेट अध्यक्षांपाशीं, आणि हलक्या आवाजांत, निरागसपणें विचारत्या जाहल्या,

“बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

आनंदीबाईंनीं दोरी ओढतां ओढतां विचार केला. म्हणाल्या, “खरं सांगू? लेस्टरला मला पुण्याची म्हणतात आणि पुण्यात लेस्टरची.”

“सध्या दोरीपाशीच्या हाय,” सोजरबाई बोलल्या. “सोडू नका.”

त्यांनींही सोडिली नाहीं. पुढील वक्ता दोरीच्या तालावरच वाचता जाहला.

सायंकाळीं लष्कर सुखरूप बिबवेवाडीस परतलें. रियाजमियांनीं दारांतच मोहिमेचें विचारिलें, तेव्हां नसीमबानूंनीं “वाचला. पूर्ण,” इतकेंच सांगितलें, आणि लेकीचें कपाळ पुन्हां एकदां चाचपून, माळ्याची शिडी जी आदल्या रात्रीं पुस्तकें चढवावयास काढून ठेविली होती, ती गुपचूप जागेवर नेऊन लाविली. धुतलेलें लुगडें मुरण्यासाठीं सोजरबाईंच्या दोरीवर चुलीमागें रवाना जाहलें. हुस्नबानूंस साबणासह त्या बाजूस फिरकण्याची मनाई जाहली. वाघोली फत्ते जाहली ती येणेंरीतीं, आणि साहेबजादी संपूर्ण विजयांत निजल्याच होत्या.