अमेरिकेच्या पोथीची समाप्ती

शिवलिंगनं उसनं आणलेलं इंग्रजी पुस्तक देवघरात सापडलं, तेव्हा त्याच्या कव्हरावर विभूतीचे तीन पट्टे ओढून झाले होते.

मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या शिवलिंगला वाचनाचं भारी वेड. निजामाच्या शाळेत सगळं उर्दूतून शिकल्यामुळे इंग्रजी त्याच्या डोक्यात आधी उर्दूत शिरायची आणि मग धापा टाकत मराठीत उतरायची. तरी कल्याणप्पा मास्तरांनी मोठ्या विश्वासानं पुस्तक दिलं होतं. अमेरिकेतला नावाजलेला कथाकार, हा वाचलाच पाहिजे, असं ते म्हणाले होते. मास्तरांची औरंगाबादला बदली झाली होती. ते जायच्या आत पुस्तक वाचून परत करायचं होतं.

पण आई महादेवीच्या लेखी घरात आलेलं पुस्तक म्हणजे पोथी. ती सोमवारी सुरू करायची, चार बायांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचायची आणि पुरी केल्याशिवाय घराबाहेर न्यायची नाही.

"अव्वा, ही पोथी न्हाय. अमेरिकेतल्या माणसानं लिवल्याली गोष्ट हाय."

"मग अमेरिकेत देव न्हाय व्हय?" महादेवीनं विचारलं आणि शेजारच्या रुद्रम्माला निरोप धाडला.

सोमवारी बाया हात जोडून बसल्या. शिवलिंगनं पहिलं पान उघडलं आणि त्याला घाम फुटला. एक खलाशी खानावळीत बसून डुकराचं मटण खात होता आणि वर दारू ढोसत होता. समोर देव्हाऱ्यात समई तेवत होती. शिवलिंगनं खलाशाला भाकरी वाढली आणि हातात ताकाचा पेला दिला.

इथंच घोटाळा झाला. पुढच्याच ओळीत खलाशी खानावळवाल्याचं डोकं फोडत होता, आणि ताक पिऊन कुणी कुणाचं डोकं फोडत नाही. नाइलाजानं शिवलिंगनं पुस्तकाचा रस्ता सोडला आणि खलाशाला हात धुवायला लावून खानावळीबाहेर काढलं.

"त्याची आई कुठं हाय?" रुद्रम्मानं विचारलं. पुस्तकात आईचा पत्ता नव्हता, पण शिवलिंगनं तिला आणून किनाऱ्यावर उभी केली. मग आईसाठी सून आणावी लागली, सुनेसाठी नणंद. ऐकायला येणाऱ्या बायाही वाढत गेल्या. खरं पुस्तक दुपारी गुपचूप वाचावं म्हटलं, तर महादेवी आडवी यायची. पोथीची पुढची पानं आधी चाळली की पुण्य जातं, असं तिचं म्हणणं. पुस्तक मांडीवर असूनही शिवलिंग पहिल्या पानाच्या पुढे गेला नाही. याचं त्याला फार वाईट वाटे. समोर पंगत मांडलेली आणि आपण नुसते वाढपी, असं त्याचं झालं होतं.

अखेर मास्तरांची निघायची वेळ आली, म्हणून त्यानं खलाशाला घाईघाईनं घरी पोचवलं. रुद्रम्मानं डोळे पुसले. पुरणपोळ्या झाल्या. शिवलिंग दुकानाला कुलूप लावून परत आला, तर देवघरातला पोथीचा पाट रिकामा.

"पोथी कुठं हाय?"

"सामींना दान दिली. नारळ ठिवून," महादेवी समाधानानं म्हणाली. मठाचे स्वामी जेवून तिकडे कर्नाटकाच्या वाटेला लागले होते. दान दिलेलं परत मागणं या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

शिवलिंग मान खाली घालून मास्तरांकडे गेला. सामान बांधून झालं होतं. त्यानं सगळं सांगायला सुरुवात केली. पुस्तक दानात गेलं एवढंच ऐकून मास्तर हसले.

"जाऊ दे. मला तरी कुठं झेपलं ते? कितींदा घेऊन बसलो, पहिल्या पानाच्या पुढं गाडी सरकंना. लोकांत मात्र त्याचं नाव घेत हिंडलो. म्हणूनच तुला दिलं, म्हटलं तू वाचून सांगशील." ते ट्रंकेवर टेकले. "शेवटी काय होतंय रं त्या खलाशाचं?"

खरं सांगायचं शिवलिंगच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्तर पुढं झुकून बसले होते, रुद्रम्मा बसायची तसेच.

"घरी येतंय," तो म्हणाला. "आई किनाऱ्यावर हुबी असती."

"वाटलंच मला," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून कितीतरी वेळ मान डोलावत राहिले. एवढा मोठा कथाकार आपल्यापायी कायमचा बुडाला, याची शिवलिंगला मनापासून लाज वाटली.

"आणि मंग," मास्तरांनी विचारलं, "बायको हुती का त्याला?"