आण्णासाहेब गाडी पारखतात

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आण्णासाहेबांनी जेवढ्या जुन्या गाड्या नापास केल्या, तेवढी मुलं जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेनंही केली नसतील. एका गाडीचा रंग फार चकचकीत होता, म्हणजे आत काहीतरी झाकलेलं असणार. दुसरी गाडी किल्ली फिरवताच चालू झाली. एवढी घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिसरीच्या मालकानं देवाची शपथ घेतली, तेव्हा तर ते चहा अर्धा ठेवून उठले. उभ्या आयुष्यात त्यांनी बैल पारखले होते आणि गाडीही त्याच डोळ्यांनी बघायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाजारात उभा असताना प्रत्येक बैल गुणी दिसतो आणि घरी आणून जुंपला की भर चढाला मटकन खाली बसतो. ती खोड आधी ओळखता आली पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र.

या शास्त्रात हाल होत होते ते त्यांच्या बायकोचे, धुरपदाबाईंचे. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढता येत नव्हती. तेरखेड्याला दिलेली थोरली बहीण तारामती खुब्याचं हाड मोडल्यापासून उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. दोघींची भेट होऊन दोन वर्षं होत आली होती. फोन रोज व्हायचा, पण फोनवरून काही एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवता येत नाही. जीप भाड्यानं करू, असं धुरपदाबाई म्हणाल्या की आण्णासाहेब म्हणायचे, "गाडी घ्यायचीच हाय तर भाडं कशापायी? गाडी घेऊ, मग जाऊ." गाडी काही घेतली जात नव्हती, त्यामुळे जाणंही होत नव्हतं.

धाराशिवच्या वसंतराव गुरुजींची गाडी विकायची आहे असं कळलं, तेव्हा धुरपदाबाईही रिक्षात बसून बरोबर निघाल्या. "बसायचं मला हाय, तर म्या बसून बघती," असं त्या म्हणाल्या.

वसंतराव निवृत्त शिक्षक. ते आणि त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते आणि तिथे गाडी लावायला जागा नव्हती. गाडी लहान, पांढरी, बारा-तेरा वर्षांची. आण्णासाहेबांनी ती आधी मागून बघितली, मग बगलेतून. टायर नखानं खरवडले, बॉनेटवर थाप मारली आणि कान देऊन ऐकलं.

"खोड काय?" त्यांनी विचारलं.

वसंतरावांनी जन्मात खोटं बोललेलं नव्हतं, आणि विक्रीच्या कामात ही केवढी अडचण असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मागची डावी काच अर्ध्यात अडकते," ते म्हणाले. "वायपर करकरतो. एसीचा आवाज फार आणि गारवा कमी. आणि डाव्या दाराला पोचा आहे, तो आमच्या हिचा."

आण्णासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बारक्या खोडी आपण होऊन सांगणारा माणूस त्यांनी कुठल्याच बाजारात बघितला नव्हता. धुरपदाबाईंना बाजूला घेऊन ते म्हणाले, "मोठी कायतरी दाबून ठिवलीय ह्यानं."

"मंग चालवून बघा की," त्या म्हणाल्या.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," वसंतराव म्हणाले. ते बंडी आणि पायजम्यावर होते. कोपऱ्यापर्यंतच जायचं म्हणून त्यांनी सदरा चढवला नाही, आणि पायात न्हाणीघरातल्या रबरी चपला तशाच राहिल्या.

जनावर धन्याच्या हातात गरीबच असतं, म्हणून चालवायला आण्णासाहेब स्वतः बसले. वसंतराव मागे डाव्या खिडकीशी बसले. त्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. पहिला गिअर असा पडला की वसंतरावांनी डोळे मिटले. पण गाडी सुरळीत निघाली, कोपऱ्यावर वळली आणि कुठलीही तक्रार न करता उभी राहिली. आण्णासाहेबांचा संशय दुणावला.

"हितं काय कळतंय," शेजारच्या सीटवरून धुरपदाबाई म्हणाल्या. "समदं सपाट हाय. तुमीच म्हणता न्हवं, बसणारा बैल चढाला बसतो म्हणून?"

आपलं शास्त्र बायकोच्या तोंडून ऐकून आण्णासाहेबांना बरं वाटलं. त्यांनी गाडी येडशीच्या रस्त्याला लावली.

येडशीच्या अलीकडच्या चढावर त्यांनी गाडी मुद्दाम मधेच थांबवली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकला. मग गाडी पुन्हा सुरू केली, तर ती मुकाट्यानं चढून गेली. वसंतरावांना आपल्या गाडीचा जरा अभिमान वाटला. तेवढ्यात चारुशीलाबाईंचा फोन आला.

"कुठे आहात? भाजी निवतेय."

"येडशीला."

"कोपऱ्यावर गेला होतात ना?"

"अगं, चढ बघत होतो." पलीकडून फोन बंद झाला. वसंतराव म्हणाले, "आण्णासाहेब, चढ झाला. वळवा आता."

आण्णासाहेब वळवणारही होते. पण धुरपदाबाई म्हणाल्या, "गार व्हती तवर चढली. जनावर दमल्यावर खरं कळतंय. जरा तापू द्या." हेही बरोबर होतं. गाडी पुढे गेली आणि येरमाळ्यापर्यंत तापत राहिली. तापली, पण धूर नाही, वास नाही, खडखड नाही. वसंतरावांनी सांगितलेली काच तेवढी अर्ध्यात अडकली आणि त्यांच्या बंडीवर महामार्गाची धूळ येऊन बसली.

"तिघंच हाव आपन," येरमाळ्यात धुरपदाबाई म्हणाल्या. "मोकळी गाडी कुणीबी वडंल. वजन घालून बघा."

वजन कसलं घालायचं हेही त्यांनीच सुचवलं. कांद्याचं पोतं घरी लागणारच होतं, ते डिकीत टाकलं. गुळाच्या ढेपा वजनाला चांगल्या, म्हणून त्या घेतल्या. केळीचा घड कितीसा जड असतो, हे आण्णासाहेबांनी विचारलं, पण तोवर तो मागच्या सीटवर येऊन बसला होता. गाडी मागून जराशी खाली बसली आणि निमूटपणे निघाली.

आता आण्णासाहेब पुरते बेचैन झाले. "गुरुजी, खरं सांगा," ते म्हणाले, "हिला काय हाय?"

"अहो, सांगितलं ना. काच, वायपर, एसी."

"ते झालं. त्याबिगर?"

"त्याशिवाय काही नाही हो," वसंतराव काकुळतीला येऊन म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात नुसता चहा होता. येरमाळ्यातल्या केळ्यांकडे त्यांनी दोनदा बघितलं होतं.

रस्त्याच्या कडेला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसायला लागल्या, तेव्हा आण्णासाहेब म्हणाले, "तेरखेडा आलं की. तुज्या भनीचं गाव."

"आलं व्हय?" धुरपदाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "माजं ध्यानच न्हवतं."

"आज जायाचं न्हाय. परीक्षेला निघालोय आपन. गाडी घेतली की नीट येऊ."

"तर काय. घेतल्याबिगर कसं जायाचं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पर सारी सडक डांबरीच लागली. खड्डा कुठं बघितलाव तुमी? मागं वळायच्या आदी त्या डाव्या हाताच्या गल्लीत घाला."

गल्ली खरोखरच खराब होती. नळाची खोदाई अर्धवट राहिलेली, मधे दगड, एका बाजूला गटार. गाडी हेलकावे खात, कांदे उडवत पुढे सरकली. वसंतराव दोन्ही हातांनी वरची कडी धरून होते. आण्णासाहेब डोकं खिडकीबाहेर काढून चाकांचा आवाज ऐकत होते, त्यामुळे घरांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आता येकच राहिलं," धुरपदाबाई म्हणाल्या. "ब्रेक. जोरात दाबा."

आण्णासाहेबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. शेजारीच एक ओटा होता आणि त्यावर काठी टेकून, उन्हाला पाय करून तारामती बसल्या होत्या.

धुरपदाबाईंनी दार उघडलं. गुडघे धरून, पण कुणाचा हात न घेता त्या उतरल्या. तारामतींनी आधी ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा त्यांच्या हातातली काठी गळून पडली. धुरपदाबाई त्यांच्या शेजारी बसल्या, दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं आक्का." मग दोघी रडल्या. आण्णासाहेब स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. येरमाळ्यापलीकडे इतकं थोडं अंतर, आणि त्यासाठी आपण दोन वर्षं घालवली, हे त्यांच्या आता लक्षात आलं.

जेवण तिथेच झालं. वसंतराव धुळीनं लाल झालेल्या बंडीवर पंगतीला बसले आणि गूळ-तुपाशी तीन भाकरी खाल्ल्या. चारुशीलाबाईंचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तेरखेड्यात जेवतोय," आणि पुढचं ऐकायला नको म्हणून फोन पालथा ठेवला.

ऊन कलल्यावर आण्णासाहेब बाहेर येऊन म्हणाले, "चल, निघू."

"कुठं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "म्या ऱ्हाणार हाय पंधरा दिस. लुगडी आक्काची हायत."

"आन् मंग येशील कशी?"

"तुमी याल की न्यायला."

"कशात?"

"ते तुमी बघा," त्या म्हणाल्या आणि बहिणीच्या केसांना तेल लावायला बसल्या.

आण्णासाहेब उभे राहिले. पलीकडे वसंतराव केळं सोलत गाडीला टेकले होते. आण्णासाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पण या वेळी टायरला हात लावला नाही, बॉनेटवर थापही मारली नाही.

"गुरुजी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "गाडी पसंत हाय. देता न्हवं?"

वसंतरावांनी शांतपणे केळं संपवलं. बॉनेटवरची धूळ बंडीच्या टोकानं पुसली.

"बघू," ते म्हणाले. "एवढ्या गुणाची निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. घरी विचारून सांगतो."