वीस दातांची पुली

झाशीच्या रेल्वे कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला एक दातेरी पुली म्हणजे काय? चहा गार व्हायच्या आत करून देतो! असं मी भानुमतीअक्काला सांगून टाकलं. अक्का माझी थोरली बहीण. माझी बायको वसुंधरा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते.

घरघंटीच्या मोटारीवरची पुली तडकली होती. वसुंधराने जाण्याच्या आठवडाभर आधी थालीपिठाची भाजणी भाजली होती, ती दळायची राहिली. तिच्या हातची शेवटची. बाहेरच्या चक्कीत तिच्यात कुणाचाही गहू मिसळला असता. आणि रविवारी आमची मुलगी मयुरा बबीन्याहून येणार होती.

जुन्या पुलीचे दात मोजायला घेतले. खडू सापडेना, म्हणून देवघरातून आणून पहिल्या दाताला कुंकू लावलं. पंधरा मोजले आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू! पंधराव्याला हळद लावून मी पळालो.

परत येऊन हळदीपासून पुढे कुंकवापर्यंत मोजलं. एकूण तेहतीस! हिशोबाने व्यास काढला, घरच्या छोट्या लेथवर ॲल्युमिनियम लावलं, दात पाडले. नवी पुली जुनीपेक्षा चांगलीच मोठी दिसत होती. म्हटलं, जुनी झिजली असेल! पट्टा बसेना, तेव्हा मोटार सरकवली. तरी डोक्यात उजेड नाही.

अक्काने दाणे ओतले, मी बटण दाबलं. घरघंटी उडायला निघालेल्या विमानासारखी किंचाळली, झाकण छताला लागलं आणि आम्ही दोघं भुतासारखे पांढरे!

मी खालीच बसलो. "अक्का, गेली गं तिची भाजणी."

"अरे भैया, रडतोस काय? गहू होते ते!"

"गहू?"

"मग? तुझ्या पुलीच्या भरवशावर वसुंधराची भाजणी ओतायला मी पागल आहे का? डब्यात आहे ती."

डबा उघडून वास घेतला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"पण तेहतीस दात आले कुठून?"

"मला काय विचारतोस? हळद एकीकडे, कुंकू भलतीकडे! असं लावतात का कधी? मी कुंकू पुसून हळदीला लागून अलीकडच्या दाताला लावलं. जरा नीट पूजा करत जा रे, रघू."

दात वीसच होते; तेरा मी दोनदा मोजले होते. दुसरी पुली केली. भाजणी दळून झाली.

रविवारी मयुराने पहिला घास घेतला. मग म्हणाली, "आईचंच आहे." चार थालीपिठं खाल्लीन.

मी हळूच म्हटलं, "घरघंटी आता कशी मऊ चालते, नाही? पुली मी स्वतः..."

"बाबा, तूप वाढा ना," ती म्हणाली.