मशीनला दिलेल्या तीन खोल्या

लिंबायतच्या एका गाळ्यात प्रशांतचं भरतकामाचं मशीन साड्यांवर मोर काढता काढता मध्येच अडखळायचं आणि तिथला टाका सुटायचा. धनसुखभाई शेठनी अख्खा माल परत पाठवला होता. आज ते स्वतः नमुना बघायला येणार होते. तो पसंत पडला नाही तर ऑर्डर जाणार कतारगामच्या कारखान्याला आणि प्रशांत पुन्हा दुसऱ्याच्या लूमवर मजुरीला.

दोष खरं तर मशीनचा नव्हता. ते चालवणाऱ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवरच धाकट्या भावाची, लोटूची बिलं निघत आणि आई सरलाबाईंची भजनं वाजत. प्रोसेसरचे कोर चार, म्हणजे घर चार खोल्यांचं; पण प्रत्येक खोलीत सगळ्यांची ये-जा. सुईनं विचारावं, "घालू का टाका?" आणि आतून उत्तर यावं, "थांब, अभंग संपू दे."

प्रशांतनं व्हिडिओ पाहून उपाय शोधला. एक कोर वेगळा काढायचा आणि फक्त मशीनला द्यायचा. पण एकावर समाधान मानेल तर तो प्रशांत कसला? पठ्ठ्यानं तीन दिले.

"मनं भजन का बरं अडकी ऱ्हायनं?" सरलाबाईंनी विचारलं.

"माय, तीन खोल्या मशीनले दिन्यात. आपन सगळा एकच खोलीमा. त्याले कोनी हाक मारानी नही."

"मंग जवाई शे म्हन ना," सरलाबाई म्हणाल्या. जावई आला की घरानं ओट्यावर झोपायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

शेठ आले. मशीन एकही टाका न सोडता चालू लागलं. खूश होऊन शेठ इतके वाकले, की त्यांच्या झब्ब्याचा घेर साडीवर पडला आणि मोराचा पिसारा झब्ब्यावरूनच पुढे निघाला.

"अरे, आ तो मने सीवे छे," शेठ म्हणाले. "बंद कर."

प्रशांतनं पडद्यावरचं 'थांबा' दाबलं. पण तेही त्याच गर्दीच्या खोलीत, बिलांच्या आणि भजनाच्या मागे रांगेत उभं. तीन खोल्यांचा धनी मात्र कुणाचंच ऐकेना. लोटूनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर पिसारा पुरा झाला होता.

प्रशांतनं मनाशी धरलं, ऑर्डर तर गेलीच, वर शिव्या खायच्या. शेठनी रागानं हिसका दिला. मग पाय रोवून आणखी एक दिला. झब्बा बगलेत टरकन फाटला, पण मोर जागचा हलला नाही. त्यांनी नखानं एक टाका उचकटून पाहिला, मग दुसरा.

"टांका पाका छे," ते हळूच म्हणाले. "ऑर्डर तारो. पण पहेलां मने छोड."