समजाबापूंच्या मोटारीचा विमा

बापू सुर्व्यांना मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा दोन घास झाले की उठून अंगणात डोकवायचे, मोटार जागेवर आहे ना म्हणून. चार माणसांनी ढकलल्याशिवाय जी हलत नसे, ती जाणार कुठे? तसं विचारलं की म्हणायचे, "आणि समजा, चार माणसं आलीच तर?"

हे 'समजा' त्यांच्या तोंडून दिवसाकाठी शंभरदा यायचं. आमच्या रत्नागिरीत त्यांना नुसतं बापू कोणी म्हणत नसे, समजाबापू म्हणत. माडाखालून जाताना 'समजा, नारळ पडला', साकवावरून जाताना 'समजा, साकव खचला'. मी त्यांचा शेजारी, त्यात शाळेत इंग्रजी शिकवणारा, म्हणून हे सगळे समज दूर करणं माझ्याकडे. बिनपगारी!

एकदा मुंबईहून मोटारींचा विमा उतरवणारा एक गृहस्थ आला. पाऊसकाळासाठी बोटी बंद व्हायला चार-सहा दिवस राहिले होते. त्याला दुपारची बोट गाठायची होती आणि बापूंनी त्याला सकाळी सातलाच पडवीत बसवलेलं. कागद इंग्रजीत, म्हणून मला हाक आली.

"विमे तीन प्रकारचे," मी वाचून सांगितलं. "पहिल्यात तुमच्या मोटारीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर ती भरपाई. दुसऱ्यात त्याशिवाय आग आणि चोरी. तिसऱ्यात मोटारीची मोडतोडसुद्धा आली."

"नारळ कुठल्यात?"

"तिसऱ्यात."

"आणि फणस?"

"अहो, तोही तिसऱ्यातच!"

"आणि समजा, खाडी ओलांडताना तराफा कलंडला नि मोटार गेली पाण्यात?"

विमेवाल्यानं घाम पुसला. बापूंच्या येरझारा चालूच. "अहो, आत्ताच सारवलंय, सगळं उखडतंय!" बापूंची बायको, आमच्या काकी, दारातून ओरडल्या. बापूंनी ते कानाआड केलं.

मी पुढचं बारीक अक्षर वाचलं. युद्ध, बंड, भूकंप आणि दैवी कोप यांची जबाबदारी कंपनीवर नाही. बापू जागीच थबकले.

"देवाचा कोपच वगळला? मग ठेवलंय काय मेल्यांनी? आमचा गुरव एका नारळात सगळं घेतो, गुराढोरांपासून पोराबाळांपर्यंत!" मग दोन फेऱ्या मारून म्हणाले, "तिसराच घेतो. पण नुसती सही नाय चालायची. गाऱ्हाणं घालायचं."

ग्रामदेवतेपुढे गुरव एकेक मागणं बोलतो आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे त्या मुंबईकराला मीच समजावलं. गुरवही अर्थात मीच झालो. इंग्रजी शिकल्याची फळं, दुसरं काय!

"मोटारीला आग लागली, तर कंपनीनं भरून द्यावं रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बापू आणि काकी.

"हा का गप्प?" बापू विमेवाल्याकडे बोट दाखवून कडाडले. "भरून द्यायचं यानं, आणि आम्हीच व्हय म्हणून काय उपयोग?"

घड्याळाकडे बघत तो बिचारा 'व्हय म्हाराजा' पुटपुटला. चोरीला म्हणाला, नारळाला म्हणाला, फणसालाही म्हणाला. मी हसू दाबून दाबून बेजार झालो.

शेवटी एकच रकाना उरला. "मोटार कोण कोण चालवणार?" त्यानं विचारलं. "एकाहून जास्त नावं असली तर हप्ता वाढतो."

"माझं लिहा," बापू म्हणाले. आणि मग ते चक्क खाली बसले, त्या ओल्या सारवणावर. "आणि दुसरं, दत्ताराम रघुनाथ सुर्वे."

काकी झटकन आत गेल्या.

दत्तू त्यांचा एकुलता एक. मोटार घेतली ती त्याच्यासाठीच. मोटार चालवायला तो आधीच शिकला होता. गावात धंदा करील, खलाशी व्हायचा हट्ट सोडील, असं बापूंना वाटलं. मोटार दारात आली आणि आठ दिवसांत पोरगा आगबोटीवर गेला. दोन वर्षं झाली, पत्र नाही. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी गाढवासारखा त्यांच्या येरझारांना हसत आलो होतो. लाज वाटली मला.

"हे कुठे असतात?" विमेवाल्यानं विचारलं.

"बोटीवर. लांब."

"मग आले की घालू ना नाव. उगाच जास्त कशाला भरता?" माणूस भला होता.

बापूंनी मान वर केली. "आणि समजा, उद्याच्या बोटीनं आला तर?"

इतक्या वर्षांत ज्यात काही पडलं नाही, मोडलं नाही, असं त्यांचं हे पहिलंच समजा. माझ्याच्यानं वर बघवेना.

बंदरावर बोटीचा भोंगा झाला. विमेवाला उठला नाही. त्यानं टाक दौतीत बुडवला, दत्तूचं नाव सावकाश, पुरं लिहिलं, शाईवर फुंकर घातली, आणि कुणी न सांगता हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."