ओळखा पाहू, केरबा काय म्हणतोय

एका जंगलात, बाळांनो, करमणुकीचे फार वांधे होते. म्हणून तिथल्या जनतेने केरबावर भागवलं होतं.

केरबा हा वानर. नजर तेज, म्हणून उंच सागावर बसून राखण करायचं काम त्याच्याकडे. पण बोलताना तो अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडून बसायचं.

तो "पा... पा..." म्हणाला की खालून रंगराव कोल्हा ओरडायचा, "ओळखा पाहू!" मग सगळे सुरू. "पापड!" "पाहुणे!" "पायजमा!" केरबाला 'पाऊस' म्हणायचं असायचं. तोवर सगळे भिजलेले असायचे.

"आम्ही काय परके आहोत का, केरबा? प्रेमाने चिडवतो," रंगराव म्हणायचा. केरबाही हसायचा. न हसून करतो काय? घरी गेल्यावर एकटाच 'पाऊस, पाऊस' घोकत बसायचा, ते वेगळं.

एकटी चंद्री हरिणी ओरडायची नाही. झाडाखाली मान वर करून उभी राहायची. "सावकाश सांग रे भाऊ, मला काही घाई नाही." तिच्यापाशी केरबाची वाक्यं पुरी व्हायची. तिच्यावर त्याचा फार जीव होता.

एके दुपारी करवंदीच्या जाळीमागे त्याला ठिपके दिसले.

"बि... बि..."

"ओळखा पाहू!" रंगराव ओरडला.

"बिस्कीट!" "बिडी!" "बिर्याणी!" ससे हसून लोळायला लागले. केरबाने फांदी गदागदा हलवली, जाळीकडे बोट दाखवलं.

"वा! आज हावभावसुद्धा!" रंगरावाने टाळ्या वाजवल्या.

"बिबट्या," जाळीतून एक भारदस्त आवाज आला.

"बरोब्बर!" सगळे ओरडले. मग कोण जिंकलं ते बघायला वळले, आणि जीव घेऊन पळत सुटले.

चंद्री पळाली नाही. त्या गोंगाटात तिचे कान फक्त केरबाकडे लागले होते. ती मान वर करून, केरबाचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत उभी होती.

शोकसभेत सगळ्यांनी डोळे पुसले. रंगराव म्हणाला, "केरबाने नुसतं 'वाघ' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आम्ही समजून घेतलं असतं." सर्वानुमते ठरलं, की यापुढे राखणीला पोपट बसेल. तो पेरूशिवाय कशाकडे बघत नाही, पण बोलतो अगदी अस्खलित.

केरबाही बोलायला उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, समोरचे उत्सुक चेहरे पाहिले, आणि मिटलं. त्यानंतर तो कोणाशीच बोलला नाही.

तात्पर्य : समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत कधीही थांबू नये, बाळांनो. थांबली ती मेली. हसणारे सगळे सुखरूप आहेत.